पानामागची माणसं

सकाळचे साडेअकरा वाजत आले असतील, तेव्हा टिंबबाईंचं बोट चुकून भलत्याच ठिकाणी पडलं. संगणकाच्या पडद्यावरचं पान क्षणभर पांढरं झालं आणि परत आलं, पण आता ते वेगळंच काहीतरी होतं. अक्षरं तीच होती, फक्त ती एका चौकटीत मोकळी सुटल्यासारखी पडली होती, आणि एका वाक्याच्या बरोबर मध्ये, 'दारूच्या' आणि 'नशेत' या दोन शब्दांमधल्या फटीत, एक उभी बारीक रेघ लुकलुकत होती. बाईंनी तव्याचा चटका बसावा तसा हात मागे घेतला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. भिंतीलगत पुठ्ठ्याचे खोके छताला भिडले होते आणि त्यांत छापील ज्ञानकोशाचे सगळे खंड दोरीने बांधून ठेवलेले होते. रेघ लुकलुकत राहिली. कोणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि दुसऱ्याने मध्ये काही म्हणेपर्यंत सभ्यपणे थांबून राहावं, तशी.

एकतीस वर्षं त्या कोशाच्या कार्यालयात मुद्रितं तपासत होत्या. अक्षरावरचं टिंब निसटलं तर त्यांना जेवण जात नसे, म्हणून नाव पडलं टिंबबाई. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे तर पगारपत्रकावरचं नाव वाचताना त्यांना स्वतःलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटू लागलं. महिनाअखेर कार्यालय बंद व्हायचं होतं. छापील कोश आता कोणी घेत नव्हतं. जाता जाता व्यवस्थापकांनी त्यांना एक काम लावून दिलं होतं. "बाई, तो इंटरनेटवरचा फुकट कोश आहे ना, त्यात आपला मजकूर कुठे कुठे उचललाय त्याची यादी करा. वाक्यं तुम्हाला पाठच आहेत." ते खरंच होतं. म्हणून त्या आठवडाभर आपलीच वाक्यं शोधत बसल्या होत्या, मेळ्यात हरवलेली पोरं शोधावीत तशी, आणि आज सातव्या खंडातलं एक सापडलं. खाडीवरची नोंद. खाडीची लांबी, खोली, भरतीओहोटी, बंदर, आणि शेवटी दोन ओळींत ती बुडालेली होडी: 'या अपघातात अठरा जण मृत्युमुखी पडले. नावाडी दारूच्या नशेत होता.' खाली बारीक अक्षरांत कोशाचं नाव, खंड, पान चारशे बारा. चोरी म्हणावी तर चोराने पावती लावून ठेवली होती.

इंटरनेट त्यांना नवं नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी कार्यालयानेही आपली पानं तिथे टाकली होती, आणि बाईंनीच ती तपासली होती. पण ती पानं म्हणजे दुकानाची काच. पलीकडे माल मांडलेला, अलीकडे माणूस नाक लावून उभा. खाली 'आपला अभिप्राय कळवा' असं लिहिलेलं होतं आणि आलेले अभिप्राय ज्या पेटीत पडायचे तिची किल्ली कोणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लिहिणारे वेगळे आणि वाचणारे वेगळे, ही त्यांच्या जगाची व्यवस्था होती आणि ती त्यांना नदीला दोन काठ असावेत इतकी साधी वाटत आली होती. मधल्या काळात काहीतरी बदललं होतं खरं. घरी वहिनी विणकामाचे नमुने कुठल्याशा पानावर टाकायची आणि कुठल्याकुठल्या देशांतल्या बायका तिला खाली लिहायच्या की तिसऱ्या ओळीत एक टाका कमी पडतोय. वहिनी तो मोजायची, कमी असायचाच, आणि ती दुरुस्त करून टाकायची. बाईंना ते बायकांचं वेळ घालवणं वाटत होतं. काचेला आरपार हात जातो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी ती चौकट घाईघाईने बंद केली. पान पुन्हा पानासारखं झालं. पण आता त्यांना त्याच्या डोक्यावरचे शब्द दिसायला लागले, जे आठवडाभर तिथेच होते. 'बदल'. 'चर्चा'. 'इतिहास'. त्यांनी इतिहासावर दाबलं, कारण त्यातल्या त्यात तो शब्द निरुपद्रवी वाटला. आणि मग त्या खुर्चीत हळूहळू मागे टेकल्या. त्या पानाचं आजवर जे जे झालं होतं ते सगळं तिथे तारीखवार मांडलेलं होतं. कोणी कोणता शब्द घातला, कोणी काढला, किती वाजता. छापखान्यात त्यांनी हजारो प्रुफं फाडून टोपलीत टाकली होती, चुकांचं नामोनिशाण पुस्तकात उरू नये हेच तर त्यांचं काम. इथे मात्र प्रत्येक खाडाखोड जपून ठेवलेली. आणि ते वाक्य, नावाड्याचं, ते दीड वर्षात अकरा वेळा कोणीतरी काढलं होतं आणि अकरा वेळा कोणीतरी परत घातलं होतं. परत घालणाऱ्याने 'टाचणी' असं नाव घेतलं होतं. तो दर वेळी एकच शेरा लिहायचा: 'स्रोत द्यावा. छापील कोशात असे आहे.' काढणाऱ्याला नाव नव्हतं, नुसते आकडे. त्याचे शेरे सुरुवातीला लांब होते, मग आखूड होत गेले. 'हे खोटे आहे.' 'हे खोटे आहे, ते माझे वडील होते.' 'ते पीत नसत.' आणि शेवटचा, चार महिन्यांपूर्वीचा: 'अहवालाची प्रत होती. एकच होती. कोशाच्या कार्यालयात पाठवली. परत आली नाही.'

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी दार ओढून घेतलं. बाईंना पहिल्यांदा वाटलं ते असं की आपल्याला कोणीतरी पाहतंय, आणि मग वाटलं की नाही, कोणी पाहत नाहीये, हेच तर. गेली चोवीस वर्षं ही बाई, हो बाईच, त्यांना अक्षर माहीत होतं तिचं, कार्यालयात आलेल्या तिच्या पहिल्या पत्रात शाळकरी, गोल, ओळीच्या वर तरंगणारं, पुढच्या पत्रांत टोकदार होत गेलेलं, ही बाई बंद दारावर थापा मारत होती आणि दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून आपण बसलो होतो. पाच पत्रं. पाचही त्यांनी नोंदवहीत चढवली होती. पाचांनाही उत्तर गेलं होतं, टंकलिखित: 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' ते उत्तर त्यांच्याच हातचं. त्यात एकही चूक नसायची.

फाइल सापडायला फार वेळ लागला नाही, कारण ती त्यांनीच लावलेली होती. तिसऱ्या पत्राला टाचलेला, चौकशी समितीचा अहवाल, नऊ पानं, शिक्क्यासह. 'ही एकच प्रत मिळाली. वाचून परत करावी ही विनंती.' बाईंनी तो अहवाल तेव्हा वाचला नव्हता. वाचणं त्यांचं काम नव्हतं, त्यांचं काम अक्षरं पाहणं होतं. आता त्या खोक्यावर बसून वाचू लागल्या. गाळ उपसणाऱ्या यंत्राचा पोलादी दोर खाडीत आडवा ताणून ठेवला होता, कंदील न लावता. होडी त्यावर चढली आणि कलंडली. नावाड्याच्या शवात मद्याचा अंश मिळाला नाही. तो पोहून काठाला लागला होता आणि तीन वेळा परत आत गेला, दोघांना घेऊन आला, तिसऱ्यांदा आला नाही. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत दोन शब्द होते, 'पुढील आवृत्तीत', आणि खाली भाऊसाहेबांची आद्याक्षरं. पुढील आवृत्ती निघालीच नाही.

भाऊसाहेब म्हणजे मुख्य संपादक. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत, भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत. बाई दुपारीच त्यांच्याकडे गेल्या, आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, "भाऊसाहेब, सातव्या खंडातली खाडीची नोंद."

"चारशे बारा," भाऊसाहेब म्हणाले. भिंग खाली ठेवलं. "त्या मुलीचं पत्र आलं का पुन्हा?"

बाईंनी वाटभर जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं त्या एका प्रश्नाने गळून पडलं. म्हणजे हा माणूसही. छापलं की काळ्या दगडावरची रेघ, असं सांगत आयुष्यभर ताठ चाललेला हा माणूसही ती रेघ उराशी घेऊन बसला होता. त्यांनी अहवाल पुढे ठेवला. भाऊसाहेबांनी तो उघडला नाही, फक्त हिरव्या शाईवर बोट ठेवलं.

"खंड बांधणीला गेला होता हो. वाटलं, दोन वर्षांत दुसरी आवृत्ती निघेल."

"शुद्धिपत्रक घालता आलं असतं."

"आलं असतं." त्यांनी हिरव्या शाईवरचं बोट उचललं. "एक शुद्धिपत्रक निघालं की लोक विचारतात, अजून किती आहेत. मी कोशाची अब्रू पाहिली, बाई. त्या पोरीच्या बापाची नाही पाहिली."

बाईंनी मग त्यांना सांगितलं की ते वाक्य आता कुठे आहे, आणि तिथे काय करता येतं.

"कोण बदलतं ते?"

"कोणीही."

"कोणीही म्हणजे?"

"म्हणजे मीसुद्धा."

"आणि उद्या एखाद्याने जाऊन धडधडीत खोटं लिहिलं तर?"

"तर दुसरा कोणीतरी खोडतो. आणि त्याचंच चुकत असेल तर तिसरा. मी पाहिलं ना सगळं, तारखेनिशी आहे. भांडतात, पण पुरावा मागतात. आपल्यासारखंच आहे, फक्त दार लावलेलं नाही."

भाऊसाहेब खिडकीकडे पाहू लागले. त्यांचा चेहरा बाईंना आधी दुखावल्यासारखा वाटला, मग लक्षात आलं, ते मोजत होते. "सहाशे जण लिहायचे आपल्यासाठी," ते म्हणाले. "एकेक निवडून घेतलेला. पण त्यांतल्या एकालाही होडी वल्हवता येत नव्हती." आणि मग, निघताना, दारापर्यंत न येता, बसल्या जागेवरून, "जा, करा. टिंबं बघून घाला."

रविवारी दुपारी वहिनीच्या यंत्रासमोर बाई बसल्या. भाऊ गेल्यापासून घरात दोघीच होत्या, आणि त्या यंत्राची खुर्ची वहिनीच्या मापाची खोलगट झाली होती. वहिनी शेजारी लोकर सोडवत होती. बाईंनी 'बदल'वर दाबलं. रेघ आली. त्यांनी 'नावाडी दारूच्या नशेत होता' यावर खूण केली आणि थांबल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची अक्षरं दुरुस्त केली होती, स्वतःचं एक वाक्य म्हणून कुठे लिहिलं नव्हतं. समासात खुणा करणं वेगळं, समास ओलांडून आत जाणं वेगळं. त्यांना वाटलं, हे सगळ्या जगाला दिसणार. कुठे कुठे, कोण कोण, कुठल्या वेळेला, अंथरुणात, दुकानात, शाळेत, आणि त्यांतल्या कोणालाच आपण परवानगी विचारलेली नाही. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहताना वाटलं होतं तसंच वाटलं, भीती नव्हती ती, हे एवढं मोठं आणि उघडं आहे आणि कोणी त्याला कुंपण घातलेलं नाही, याचं नवल होतं.

"वन्सं, दाबा की," वहिनी मान वर न करता म्हणाली. "चुकलं तर उसवता येतं."

त्यांनी लिहिलं. दोर, कंदील, शवचिकित्सा, तीन वेळा परत जाणं. खाली अहवालाचं नाव, साल, पृष्ठं. आणि दाबलं. काही झालं नाही. घंटा वाजली नाही, यंत्रांची घरघर नाही, शाईचा वास नाही. पान बदललं होतं, एवढंच. जे सातव्या खंडात दोन हजार प्रतींतून चोवीस वर्षं खोडता आलं नव्हतं ते श्वास सोडायच्या आत गेलं. बाईंनी बोटं पाहिली. त्यांना शाई लागलेली नव्हती.

चार मिनिटांनी टाचणी आला. 'चर्चा' असं जे दार होतं त्याच्यामागे तो उभा होता. 'आपण कोण? हा अहवाल आम्हाला कुठेही मिळालेला नाही.' वहिनी म्हणाली, "खोटं नाव सांगा एखादं, सगळेच सांगतात." बाईंनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'मी त्या खंडाची मुद्रितशोधक. ते वाक्य माझ्या हातून छापायला गेले. अहवाल वाचकाने आमच्याकडे पाठवला होता, तो आम्ही दडपला. मूळ प्रत माझ्यासमोर आहे.' 'दडपला' हा शब्द त्यांनी दोनदा खोडला आणि दोनदा घातला. मग ते पलीकडे पाठवून दिलं. पलीकडे म्हणजे कुठे, हे त्यांना कळेना. टाचणी म्हातारा होता का तरुण, बाई का बुवा, जवळच्या गल्लीत होता का समुद्रापार, काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी त्या खोलीत तो त्यांना इतका जवळ वाटला की त्यांनी पदर सारखा केला. मग उत्तर आलं. 'अकरा वेळा ते वाक्य मी परत घातले. नियमाने बरोबर होते. वाईट वाटते. पानांची छायाचित्रे टाकता येतील का? कशी टाकायची ते सांगतो.' आणि त्याच्याखाली, जरा संकोचून, 'आपण शवचिकित्सा या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाची गडबड केली होती. दुरुस्त केली आहे.'

बाईंनी पाहिलं. खरंच होती. घाईत पडलेली. वहिनीला त्यांनी ते वाचून दाखवलं आणि वहिनी इतकी हसली की लोकरीचा गुंडा खाटेखाली गेला. एकतीस वर्षांत टिंबबाईंची चूक कोणी काढली नव्हती. त्यांनी राग यायची वाट पाहिली, आणि राग आला नाही. आलं ते हलकेपण. कोणीतरी आपल्या मागून येऊन बघतंय, आपण एकट्यानेच बघायचं नाहीये, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं होतं.

नंतरचे दोन दिवस त्या ऑफिसात खोके बांधायच्या आणि मधूनमधून त्या पानाकडे जायच्या. दर वेळी तिथे कोणीतरी येऊन गेलेलं असायचं. एकाने अहवालाच्या चौथ्या पानावरून बुडालेल्या अठराही प्रवाशांची नावं उतरवून घेतली, वयासकट. एकाने त्या धक्क्याचा जुना फोटो लावला, त्याच्या आजोबांनी काढलेला, कोपरा दुमडलेला. तारवं दुरुस्त करणारा एक सुतार होता, त्याने चर्चेत समजावून सांगितलं की ताणलेल्या दोरावर सपाट बुडाची होडी कशी चढते, आणि मागाहून कुणीतरी त्याची वाक्यं नीट करून नोंदीत बसवली. परक्या भाषेतल्या कोशात तीच नोंद गेली. एका बाईने लिहिलं की ती त्या होडीत होती, सहा वर्षांची. तिला काठावर आणून टाकलं तेव्हा त्या माणसाने तिच्या गालावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, 'रड, मोठ्याने रड.' मग तो परत पाण्यात गेला. टाचणीने तिला अतिशय सौम्यपणे सांगितलं की आठवण नोंदीत घालता येत नाही, नियम तसा आहे, पण ती इथे चर्चेत राहील, कोणी काढणार नाही. बाईंनी ते पाच-सहा वेळा वाचलं. छापील पानाच्या मागे दुसरं छापील पान असतं, हे त्यांना ठाऊक होतं. या पानाच्या मागे माणसं होती. कोणी बोलावलेली नव्हती, कोणी त्यांना मानधन देणार नव्हतं, कोणाचं नाव कुठल्याही खंडाच्या आरंभी छापून येणार नव्हतं, आणि तरी ती भर दिवसा आपापली कामं टाकून एका मेलेल्या नावाड्याभोवती गोळा झाली होती. कोशाच्या पहिल्या खंडाचं प्रकाशन झालं तेव्हा बाईंनी भाऊसाहेबांच्या मागच्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या आणि मानवी ज्ञान या शब्दाने त्यांच्या अंगावर काटा आला होता. तो काटा त्यांना पुन्हा आला, आणि तेव्हाचा किती कोरडा होता हेही कळलं.

अहवाल त्यांनी पाचव्या पत्रावरच्या पत्त्यावर पाठवून दिला. सोबत चिठ्ठी लिहायची म्हणून तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं, 'परत करायला उशीर झाला. ती नोंद पाहावी.' आणि सही केली, टिंबबाई नव्हे, स्वतःचं नाव.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी कार्यालयातला शेवटचा दिवस होता. खोके न्यायला गाडी आली होती, व्यवस्थापक जिन्यात उभे राहून मोठमोठ्याने मोजत होते. यादी झाली का, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "एकच वाक्य सापडलं. ते आता तिथे नाही." व्यवस्थापकांना बरं वाटलं. यंत्राची वायर काढायला माणूस आला, त्याला बाईंनी हात करून थांबवलं. फक्त एकदा, बघून घेते.

इतिहासात एक नवी ओळ होती. अर्ध्या तासापूर्वीची. नाव नव्हतं, आकडे होते, तेच आकडे. बाईंचा हात माउसवर थांबला. आता काय काढलं असेल तिने? कशाने समाधान व्हावं तिचं? चोवीस वर्षांनंतर कशाने होतं? त्यांनी बदल उघडला. एकच आकडा बदललेला होता. 'या अपघातात अठरा जण मृत्युमुखी पडले' यातले अठरा तिने काढले होते आणि तिथे एकोणीस लिहिले होते.

बाईंनी ते वाक्य सातव्या खंडात कितीदा तपासलं असेल. समितीने प्रवासी मोजले होते, कोशाने समितीच्याही आधीचा वर्तमानपत्रातला आकडा घेतला होता, परवा नावं उतरवणाऱ्याने यादीतली नावं उतरवली होती. टाचणीने पाहिलं होतं, सुताराने पाहिलं होतं, एवढ्या सगळ्या नव्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि कोणालाही त्यात चूक दिसली नव्हती.

शेऱ्याच्या जागी तिने दोनच शब्द लिहिले होते: 'बाबा धरून.'

वायरवाला दारात ताटकळत होता. "झालं का, बाई?"

"दोन मिनिटं," बाई म्हणाल्या.

त्या वाट पाहत बसल्या. कोणी येऊन आकडा परत फिरवतं का, स्रोत मागतं का. पाच मिनिटं झाली, दहा झाली. जिन्यातून शेवटचा खोका खाली गेला. मग टाचणी आला. त्याने प्रवाशांच्या यादीखाली, त्याच टाइपात, एकोणिसावं नाव आणि वय लिहिलं, पुढे कंसात 'नावाडी' असं घातलं, आणि स्रोत न मागता निघून गेला.